मुलामा आणि कल्हई

लहानपणीं आमच्या आळींत वर्षांतून दोनतीनदां कल्हईवाला येत असे. वाड्याच्या दारासमोर लहानसा खळगा खणून तो भट्टी पेटवी, चामड्याचा भाता चालवी, आणि घरोघरच्या पितळी पातेल्यांची रास त्याच्याभोंवतीं जमे. तापलेल्या भांड्यांत नवसागराची चिमूट पडली कीं पांढरा धूर उसळे. मग कथलाच्या कांडीचें टोंक आंत टेकवून तो कापसाचा बोळा असा कांहीं फिरवी कीं, काळवंडलेलें भांडें पाहतां पाहतां आंतून चांदीसारखें लखलखूं लागे. आम्हां मुलांना तो जादूगारच वाटे. परंतु त्याची कला केवळ डोळ्यांसाठीं नव्हती. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें तर तें कळकतें, हें आमच्या आजीला कोणत्याहि रसायनशास्त्रज्ञाइतकें पक्कें ठाऊक होतें. भांड्याला कथील लागे तें कितीसें! पण तेवढ्यावांचून तें भांडें स्वयंपाकघरांत निरुपयोगी होतें.

असें असूनहि आपल्या भाषेंत वरच्या थराला मान नाहीं. वरवरचा, दिखाऊ, वरपांगी, मुलामा दिलेला, हे सारे शब्द निंदेचे आहेत. अंतरंग तेवढें खरें आणि बहिरंग तें फसवें, हा उपदेश आपण कीर्तनांत ऐकतों, शाळेंत पाठ करतों, आणि वेळप्रसंगीं स्वतःच्या समर्थनार्थ उपयोगांतहि आणतों. तो विचारपूर्वक स्वीकारलेला सिद्धान्त आहे कीं नुसती अंगवळणीं पडलेली संवय आहे, हें तपासून पाहण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेंच तपासावयाचें आहे. त्यासाठीं मी ज्या साक्षीदारास पुढें आणणार आहें तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतला नव्हे. तो प्रयोगशाळेंतला, डोळ्यांना न दिसणारा एक स्फटिकाचा कण आहे.

धातूप्रमाणें वीज सहज वाहूं न देणारा आणि कांचेप्रमाणें ती सर्वस्वीं अडवूनहि न धरणारा जो पदार्थ, त्याला अर्धवाहक म्हणतात. कॅडमियम आणि सेलेनियम यांचें संयुग हा त्यांपैकींच एक. याचे कांहीं थोड्या नॅनोमीटरांचे स्फटिक केले (एका मिलिमीटरांत दहा लक्ष नॅनोमीटर मावतात), म्हणजे एक नवल घडतें. सुमारें २ नॅनोमीटर व्यासाचा स्फटिक निळसर प्रकाश देतो, ३ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा देतो, आणि ६ च्या आसपासचा तांबडा. द्रव्य तेंच, घडण तीच. केवळ आकारमानानें रंग पालटला. याचें कारण तंबोऱ्याच्या तारेवरून समजण्यासारखें आहे. तार जितकी आंखूड तितका स्वर उंच. त्याचप्रमाणें कणांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला जागा जितकी अरुंद, तितकी त्याच्या ऊर्जेची पायरी उंच, आणि तितका त्यापासून निघणारा प्रकाश निळ्या टोंकाकडे सरकलेला.

लेनिनग्राड येथें रंगीत कांचेचा अभ्यास करणारे आलेक्सेय एकिमॉव यांनीं कांचेंतील तांब्याच्या क्लोराइडच्या कणांत हा परिणाम दिसतो असें १९८१ मध्यें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंतील लुई ब्रस यांना तोच परिणाम १९८३ मध्यें द्रवांत तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत आढळला. पुढें १९९३ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील मौंजी बावेंडी व त्यांचे सहकारी यांनीं, तापलेल्या द्रवांत मूळद्रव्यें एकदम सोडून, जवळजवळ एकाच मापाचे निर्दोष स्फटिक वाढविण्याची रीत शोधून काढली. या तिघांस २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवर जय अंतरंगाचाच दिसतो. रंग ठरला तो द्रव्यानें आणि आकारमानानें. पृष्ठभागाचा त्यांत जणूं कांहीं संबंधच नाहीं. परंतु अभ्यासकांना एक गोष्ट सारखी सलत होती. रंग गणिताप्रमाणें जुळे, पण प्रकाश मंद पडे. स्फटिकानें शंभर प्रकाशकण पोटांत घेतले तर पुष्कळदां दहाच्या आसपास, किंवा त्याहूनहि कमी, परत बाहेर येत. उरलेले जात कोठें?

उत्तर पृष्ठभागावर मिळालें. मोठ्या वस्तूच्या पृष्ठभागावर तिच्या एकंदर अणूंचा नगण्य अंश असतो. पण ५ नॅनोमीटर व्यासाच्या या स्फटिकांत सारे मिळून दोनअडीच हजार अणु असतात, आणि त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश अगदीं बाहेरच्या थरांत असतात. व्यास २ नॅनोमीटरवर आणला कीं निम्म्याहून अधिक अणु बाहेरच येतात. आंतल्या प्रत्येक अणूचे हात चहूं बाजूंच्या शेजाऱ्यांनीं धरलेले असतात. बाहेरच्या अणूचा एखादा हात रिकामाच राहतो. प्रकाश शोषल्यावर इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढतो आणि खालीं त्याची जागा रिकामी राहते. तो त्या जागीं परत उतरेल तेव्हां प्रकाशकण बाहेर पडावयाचा. परंतु तत्पूर्वींच पृष्ठभागावरील एखादा रिकामा हात त्या इलेक्ट्रॉनला, किंवा त्या रिकाम्या जागेला, पकडून ठेवतो. मग मिळविलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन विरते, नाहीं तर भलत्याच फिकट रंगानें बाहेर पडते. वोल्फगांग पाउली या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या नांवावर एक विनोद सांगतात, कीं घन वस्तु ईश्वरानें निर्माण केली, पण पृष्ठभाग मात्र सैतानाची करणी आहे. या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना तो विनोद वाटला नसेल.

उपायहि पृष्ठभागावरच करावा लागला. ऑलिइक आम्लासारखे, म्हणजे ज्याचा अंश आपल्या शेंगदाण्याच्या तेलांतहि असतो त्यासारखे, लांब शेपटीचे रेणु त्या रिकाम्या हातांना जोडून दिले, तर पुष्कळसे सांपळे मिटतात. परंतु रेणूंची ही वेल सैल असते. ती सुटते, विरळ होते. १९९६ मध्यें शिकागो येथें हाइन्स आणि ग्यो-सिओने यांनीं कॅडमियम सेलेनाइडच्या स्फटिकावर झिंक सल्फाइडचें कवच चढविलें. कवचाची जाडी एका नॅनोमीटरहूनहि कमी. तेवढ्यानें, शंभरांतले पन्नास प्रकाशकण परत येऊं लागले. पुढच्या सुधारणांनीं कांहीं उत्तम स्फटिकांत हा आंकडा शंभराच्या अगदीं जवळ पोंचला आहे. गाभा तोच, रंग जवळजवळ तोच. जो प्रकाश आंत मुळांत नाहींच असें वाटत होतें तो आंतच होता. त्याला बाहेर येण्याची वाट तेवढी मोकळी नव्हती.

येथें कोणी म्हणेल, स्फटिकाच्या गोष्टीवरून माणसाच्या नीतीचा निर्णय कसा करतां? दृष्टांत म्हणजे प्रमाण नव्हे. आक्षेप यथार्थ आहे, आणि मी त्या कणावर त्याच्या शक्तीबाहेरचें ओझें घालूं इच्छीत नाहीं. परंतु ज्या विधानाची आपण परीक्षा करीत आहों तें सार्वत्रिक आहे. "वस्तूचें स्वरूप आंत असतें, बाहेरची बाजू तिला सोडून असते" असें तें सर्व वस्तूंविषयीं बोलतें. अशा विधानाला एकच खरा अपवाद पुरेसा होतो. हा कण तसा अपवाद आहे. त्याचें बहिरंग त्याच्या अंतरंगावर घातलेलें पांघरूण नाहीं. अंतरंग प्रकट होण्याचा तो एक हेतु आहे. इतकेंच नव्हे, तर आंत कोठें संपतें आणि बाहेर कोठें सुरू होतें हेंहि तेथें काटेकोर सांगतां येत नाहीं. इलेक्ट्रॉनचा तरंग गाभ्यापाशीं थबकत नाहीं, तो थोडासा कवचांत पाझरतो, आणि म्हणूनच कवच चढविल्यावर रंग किंचित् तांबड्याकडे सरकतो. आंत आणि बाहेर यांमधील रेघ आपण ओढलेली आहे, निसर्गानें नव्हे. माणसाच्या बाबतींतहि ती तशीच असेल असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण ती रेघ स्वयंसिद्ध आहे असें मानून चालण्याचा आपला अधिकार मात्र संपतो.

मग काय, सर्वच बहिरंग वंद्य? तसें नाहीं. माझ्या मतें आपली चूक झाली ती दोन निरनिराळ्या वस्तूंना एकाच नांवानें हिणविण्यांत. मुलामा आणि कल्हई या दोन्ही वरूनच चढवितात. परंतु मुलामा पितळेला सोनें म्हणून मिरवितो. त्याचें सारें काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. कल्हई पितळेला पितळच राहूं देते, आणि पितळेच्या हातून जें चांगलें काम व्हावयाचें तें होऊं देते. झिंक सल्फाइडचें कवच या अर्थानें कल्हई आहे. तें स्वतः त्या रंगानें चमकत नाहीं. गाभ्याची चमक आंतल्या आंत विरूं देत नाहीं, इतकेंच. एवढेंच नव्हे, कॅडमियम विषारी आहे, आणि उघड्या स्फटिकाचा पृष्ठभाग हवेनें व प्रखर प्रकाशानें झिजला तर तें बाहेर सुटतें. कवच त्यालाहि पुष्कळ अंशीं आवर घालतें. आजीच्या ताकाला पितळेपासून जें संरक्षण हवें होतें, तेंच हें.

खरें आवरण ओळखावें कसें, याविषयींहि हा कण बरेंच शिकवितो. कॅडमियम सेलेनाइड आणि झिंक सल्फाइड यांच्या अणूंच्या वीणींत सुमारें शेंकडा बारा इतका फरक आहे. त्यामुळें कवच दोनएक थरांपलीकडे जाड करूं गेलें तर ताण पडून त्यांत नवे दोष उत्पन्न होतात, आणि प्रकाश पुन्हां मंदावतो. यासाठीं मध्यें दोहोंना जुळणाऱ्या पदार्थाचा थर देतात. दुसऱ्यांच्या रीतीभाती अंगावर ओढून घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिष्टाचार आपल्या स्वभावाच्या वीणीशीं थोडाफार जुळला तर तो टिकतो. फार वेगळा आणि फार जाड झाला तर तोच तडकतो, आणि तडा आंतपर्यंत जातो.

एकाला तारक तें दुसऱ्याला मारक, हाहि अनुभव तेथें येतो. गंधकयुक्त थायॉल रेणु कॅडमियम सेलेनाइडच्या पृष्ठभागावर बसविले तर त्याचा प्रकाश मावळतो. तेच रेणु कॅडमियम टेल्यूराइडवर बसविले तर प्रकाश वाढतो. हें २००४ मध्यें दाखवून देण्यांत आलें. तेव्हां अमुक वागणूक सर्वांना सारखीच हितकर, असें ठरवून टाकणाऱ्या आपल्या शिस्तप्रिय मंडळींनीं जरा थांबावें. शिवाय आवरणाला कार्याचीहि अपेक्षा असते. लांब शेपटीच्या रेणूंनीं गुरफटलेला स्फटिक एकटा असतांना सुरेख उजळतो. पण अशा स्फटिकांचा थर रचून सूर्यप्रकाशापासून वीज मिळवूं म्हटलें, तर त्याच शेपट्या कणाकणांतील देवाणघेवाण अडवून धरतात, आणि त्यांच्या जागीं आंखूड रेणु किंवा साधे आयन बसवावे लागतात. एकांतांत आपला दिवा राखणारी मर्यादा वेगळी, आणि शेजाऱ्याला हात देऊं देणारी मर्यादा वेगळी. दुसरी नसेल तर पहिलीचें सोंवळें होतें.

याहून महत्त्वाची गोष्ट मला प्रमाणाची वाटते. डोंगराला त्याच्या पृष्ठभागाची पर्वा करण्याचें कारण नाहीं. कणाला आहे, कारण कण बराचसा पृष्ठभागच असतो. समाजांतहि असेंच नाहीं काय? मोठ्या माणसाचा तुसडेपणा हा त्याचा विक्षिप्तपणा म्हणून कौतुकानें सांगितला जातो. त्याच्या फाटक्या कोटाच्या आख्यायिका होतात. परंतु लहान माणसाची परीक्षा पहिल्या स्पर्शांतच उरकते. त्याचे कपडे, त्याचे उच्चार, त्याचें आडनांव, यांपलीकडे कोणी जात नाहीं. "बाहेरचें कांहीं नाहीं, आंतलें पाहा" हें म्हणणें मोठ्याला परवडतें. लहानाच्या बाबतींत, त्याचे उघडे राहिलेले हात कोणीं धरले आणि कोणीं झिडकारले, यावरच त्याचा उजेड अवलंबून असतो.

आपल्या संतवाङ्मयांत बाह्य रूपावर भुलूं नका म्हणून कळवळून सांगणारांत चोखोबांचें स्थान पहिल्या रांगेंत आहे. त्यांच्या मुखीं त्या सांगण्याचा अर्थ, "मला आंत येऊं द्या" असा होता. परंतु दाराशीं उभ्या असलेल्यांनीं त्याच तत्त्वाचा उलटा उपयोग केला: अंतरीं देव असला म्हणजे पुरे, मग देवळांत येण्याचा आग्रह कशाला? चोखोबांची समाधि महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, बाहेरच राहिली. तें दार अस्पृश्यांना मोकळें होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना उपोषण करावें लागलें. अंतरंगाची थोरवी गाऊन बाहेरच्या अन्यायाला झांकणें, हाहि मुलामाच. फक्त तो तत्त्वज्ञानाच्या सोन्याचा आहे इतकेंच.

आतां माझ्याच घरची गोष्ट सांगून पुरें करतों. मीं कांहीं वर्षें शिकविण्याचें काम केलें. माझ्या वर्गांत एक मुलगा असे. उभा केला कीं त्याची मान खालीं जाई, ओठ हलत, शब्द फुटत नसे. मीं त्याच्या नांवापुढें "मूळचाच मंद" असा शेरा लिहिला, आणि तो वर्गांत वाचूनहि दाखविला. माझें बोलणें कडक असे, हें मला ठाऊक होतें. पण मनांत मुलांविषयीं माया आहे, मग जिभेचें काय एवढें, अशी मी स्वतःची समजूत घालीत असें. माया होतीहि. पुढच्या वर्षीं तो मुलगा दुसऱ्या एका शिक्षकांकडे गेला. ते गृहस्थ विशेष विद्वान् नव्हते. ते प्रत्येक मुलाला नांवानें हांक मारीत, आणि उत्तर चुकलें तर, "निघाला होतास बरोबर, वाटेंत कोठें वळलास तें पाहूं," असें म्हणत. वर्षअखेर त्या मुलाची गणिताची वही माझ्या हातीं आली. त्यांतील एक उदाहरण त्यानें माझ्याहून नेटक्या रीतीनें सोडविलें होतें. मुलगा तोच, बुद्धि तीच. मी त्याचा खालीं धरलेला हात पाहिला होता. तो रिकामा आहे हें मात्र पाहिलें नव्हतें. आणि माझ्या अंतरींच्या त्या मायेचा एकहि किरण वर्षभरांत त्याच्यापर्यंत पोंचला नव्हता. जो प्रकाश बाहेर येतच नाहीं तो आंत आहे, या समाधानाची किंमत काय, हें त्या दिवशीं मला प्रथम कळलें.

कवच सर्व कांहीं करतें असा याचा अर्थ नव्हे. मुळांत गाभाच दोषयुक्त असेल तर वरच्या थरानें तो दोष जात नाहीं. उलट शिसें व ब्रोमीन यांच्या एका वर्गाचे स्फटिक २०१५ पासून पुढें आले आहेत, ते कवचावांचूनहि उत्तम उजळतात. अशीं माणसेंहि असतात, आणि तीं आपल्या भाग्याचीं धनी होत. परंतु त्या स्फटिकांच्याहि अंगचे रेणु लौकर सुटतात, आणि ओलाव्यानें ते विरघळून जातात. कोणाचाच पृष्ठभाग अगदींच निराधार राहूं शकत नाहीं. कोणाला आधार कमी लागतो, कोणाला अधिक, इतकाच भेद.

आतां पितळी भांडीं माळ्यावर गेलीं आणि कल्हईवाल्याची हांकहि क्वचितच कानीं पडते. त्याच्या भट्टीपाशीं उभें राहून मी भांड्याचें लखलखणें पाहत असें, आणि आजी मात्र बोट फिरवून एवढेंच पाही कीं कोठें जागा राहून तर गेली नाहीं. सबंध भांडें चमकत असलें तरी तेवढ्या उघड्या जागेवरून तें ती परत करी. कारण ताक कळकतें तें तेथूनच.